सोडून गेलेले रुग्ण आणि न विचारलेले दुष्परिणाम : चिंताविकारावरच्या औषधांचा एक गाजलेला पेपर



नेट-सेट झाली, पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे आणि विषय मानसिक आरोग्याच्या आसपासचा आहे, असं असेल तर एक पेपर तुमच्यासमोर येणारच. जानेवारी 2019 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेला, एप्रिल स्ली आणि सहकाऱ्यांचा. विषय : जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर, म्हणजे सततच्या, आवरता न येणाऱ्या चिंतेचा विकार, आणि त्यावरची औषधं. 89 चाचण्या, 25,441 रुग्ण, 22 औषधं आणि प्लासिबो, हे सगळं एका नेटवर्क मेटा-अॅनालिसिसमध्ये बसवलेलं. एवढा मोठा आकडा बघितला की आपण लगेच वही काढतो आणि उतरवून घेतो : अमुक औषध प्रभावी आणि सोसणारं, तमुक प्रभावी पण न सोसणारं.

आज याच पेपरबद्दल लिहितोय. पेपर चांगला आहे, तो वाचाच. पण त्यातला एक आकडा दुष्परिणामांचा आकडा म्हणून वाचला जातो, आणि तो तसा नाही. हा फरक आत्ताच कळला नाही तर तुमच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण चुकीच्या पायावर उभं राहील. शिवाय यात नुसत्या मार्कांचा प्रश्न नाही, ही औषधं तुमच्या-माझ्या घरातली माणसं घेतात.

आधी औषधांची ओळख

चिंताविकारावरची औषधं साधारण चार-पाच गटांत मोडतात.

पहिला गट एसएसआरआय : एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, जुलाब, डोकेदुखी, कधी उलट जास्तच अस्वस्थता. नंतर लैंगिक तक्रारी. म्हाताऱ्या माणसांत रक्तातलं सोडियम कमी होण्याचा धोका. तरुणांसाठीही एक इशारा आहे. नैराश्यावरच्या सगळ्याच औषधांनी सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, अशी चौकटीतली सूचना अमेरिकेच्या एफडीएने 2004 मध्ये मुलांसाठी दिली आणि 2007 मध्ये ती 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केली.

दुसरा गट एसएनआरआय : व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन. वरच्या तक्रारी इथेही, शिवाय घाम आणि डोस वाढेल तसा रक्तदाब.

तिसरा गट बेंझोडायझेपिन : अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम. यांचा गुण तासाभरात येतो, म्हणून ती लोकप्रिय आहेत. गुंगी येते, लक्षात राहत नाही, म्हातारी माणसं पडतात. आणि शरीराला सवय लागते.

बाकीच्यांमध्ये प्रीगाबालिन आहे. त्याने चक्कर, झोप, वजनवाढ, पायावर सूज. बस्पिरॉन सावकाश काम करतं, चक्कर आणि मळमळ होते, पण सवय लागत नाही. हायड्रॉक्झिझिनने गुंगी आणि तोंडाला कोरड. क्वेटायपिन हे मुळात सायकोसिसवरचं औषध, त्याने झोप, वजन आणि साखर वाढते. प्रोप्रॅनोलॉल हे स्टेजवर जाण्याआधीच्या धडधडीसाठी वापरतात. दम्याच्या रुग्णाला ते चालत नाही, आणि सततच्या चिंतेवरचा तो मुख्य इलाज नव्हे.

बघा, या सगळ्या त्रासांची जात एक नाही. मळमळ पहिल्या आठवड्यात येते आणि बहुतेकदा जाते. वजन महिन्यांनी वाढतं. लैंगिक तक्रार रुग्ण आपणहून सांगत नाही. सवय तर औषध थांबवेपर्यंत दिसतही नाही. आता असे वेगवेगळे त्रास एका आकड्यात कसे मावतील?

पेपर काय म्हणतो

लेखकांनी दोन गोष्टी मोजल्या. एक, परिणामकारकता, म्हणजे हॅमिल्टन अँक्झायटी स्केलवरचे गुण प्लासिबोपेक्षा किती जास्त उतरले. दुसरी, स्वीकारार्हता, म्हणजे कुठल्याही कारणाने चाचणी अर्धवट सोडणाऱ्यांचं प्रमाण.

निकाल असा : ड्युलोक्सेटिन 3.13 गुणांनी, प्रीगाबालिन 2.79, व्हेन्लाफॅक्सिन 2.69 आणि एस्सिटॅलोप्राम 2.45 गुणांनी प्लासिबोच्या पुढे, आणि चौघांची स्वीकारार्हता तुलनेने चांगली. क्वेटायपिन सगळ्यात पुढे, 3.60 गुण, पण सोडून जाण्याचा ऑड्स रेशो 1.44. पॅरोक्सेटिन आणि बेंझोडायझेपिन प्रभावी, पण प्लासिबोच्या तुलनेत न सोसणारी. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, मिर्टाझापिन, बस्पिरॉन, अॅगोमेलाटिन यांचं चित्र बरं, पण रुग्णसंख्या कमी.

जाता जाता एक गोष्ट. 1.44 म्हणजे ‘44 टक्के जास्त लोक सोडून गेले’ असं लिहू नका. ऑड्स आणि प्रमाण या वेगळ्या गोष्टी आहेत. व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो.

पेपरचं श्रेयही द्यायला हवं. लेखकांनी छापील पेपरांवर भागवलं नाही. एफडीएच्या नोंदी, कंपन्यांची रजिस्टरं, चिनी डेटाबेस, सगळं धुंडाळलं. आणि सोडून जाणाऱ्यांचा आकडा निवडण्यामागे कारणही आहे. जवळपास प्रत्येक चाचणीत असतो तो हाच आकडा. दुष्परिणामांच्या नोंदी प्रत्येक चाचणीत वेगळ्या पद्धतीने होतात, त्यामुळे त्या एकमेकांशेजारी ठेवणं अवघड. तेव्हा जे मोजता येत होतं ते त्यांनी मोजलं. माझी तक्रार त्या मोजलेल्याला काय नाव दिलं गेलं याबद्दल आहे.

तक्रार पहिली : सोडून जाणं म्हणजे न सोसणं नव्हे

सारांश पुन्हा नीट वाचा. मोजलेली गोष्ट आहे स्वीकारार्हता, म्हणजे कुठल्याही कारणाने सोडणं. पण क्वेटायपिनच्या 1.44 पुढे शब्द येतो ‘न सोसणारं’. या क्षेत्रात सोसण्याचा अर्थ ठरलेला आहे : दुष्परिणामांमुळे सोडून जाणं. दोन वेगळ्या गोष्टींची नावं एकाच परिच्छेदात एकमेकांच्या जागी आली, आणि पुढे उद्धृत करणाऱ्यांनी दुसरंच नाव उचललं.

यानं काय बिघडतं? एक काल्पनिक हिशेब करू. समजा, प्लासिबो घेणारे 100 आणि औषध घेणारे 100. दोन्हीकडून 24-24 जण सोडून गेले. ऑड्स रेशो 1, म्हणजे औषध प्लासिबोइतकंच स्वीकारार्ह. आता आत डोकावा. प्लासिबोच्या 24 पैकी 14 जण गुण येत नाही म्हणून गेले, 4 त्रासामुळे, 6 इतर कारणांनी. औषधाच्या 24 पैकी गुण नाही म्हणून फक्त 4 गेले, पण त्रासामुळे 14, आणि इतर 6. त्रासामुळे जाणारे साडेतीन पट, आणि तुमच्या तक्त्यात मात्र ‘फरक नाही’!

म्हणजे हा आकडा फायदा आणि त्रास यांची गोळाबेरीज आहे. डॉक्टरला निर्णय घ्यायला ही गोळाबेरीज उपयोगी पडू शकते. पण ‘या औषधाचे दुष्परिणाम किती’ या प्रश्नाचं ते उत्तर नाही. शिवाय जे थांबले त्यांना त्रास नव्हता, असंही नाही. माणसं निमूटपणे सोसतात आणि चाचणी पूर्ण करतात.

तक्रार दुसरी : विचारलं तरच कळतं

1997 मध्ये स्पेनमधल्या माँटेहो-गोन्झालेझ आणि सहकाऱ्यांनी 344 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, सर्ट्रालिन आणि फ्लुवोक्सामिन घेणारे हे रुग्ण. लैंगिक त्रास किती जणांनी आपणहून सांगितला? 14 टक्के. थेट विचारल्यावर? 58 टक्के.

रुग्ण तेच, गोळ्या त्याच. फरक फक्त विचारण्याचा. आता विचार करा, एखाद्या चाचणीत ‘काही त्रास?’ एवढंच विचारून नोंद झाली असेल आणि दुसरीत यादी वाचून दाखवून, तर त्या दोन चाचण्यांतल्या टक्केवारीची तुलना कशी करणार? जुनी चाचणी आणि नवी चाचणी, एका कंपनीची आणि दुसऱ्या कंपनीची, यांतला फरक औषधाचा की प्रश्नावलीचा?

आपल्याकडे तर हा मुद्दा दुप्पट लागू पडतो. ओपीडीत बाजूला सासू बसलेली असताना बाई काय सांगणार आहे? नवराही ‘सगळं ठीक आहे’ म्हणून उठेल. तुम्ही मराठीतून मुलाखती घेणार असाल तर प्रश्न कोण विचारणार, कुठे विचारणार, कुठल्या शब्दांत विचारणार, हे तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात लिहिलेलं हवं. त्याशिवाय तुमचा आकडा 14 च्या जवळचा की 58 च्या, हे कुणालाच कळणार नाही.

तक्रार तिसरी : मोजपट्टीतच दुष्परिणाम

हॅमिल्टन अँक्झायटी स्केल 1959 ची. 14 बाबी, प्रत्येकीला 0 ते 4 गुण, एकूण 56. आपण ती नावाने ओळखतो, बाबी क्वचितच वाचतो. त्या वाचा. झोप न लागणं ही एक बाब. पोटाच्या तक्रारी ही एक, त्यात मळमळ. कोरडं तोंड, घाम, गरगरणं यांची एक. आणि जननेंद्रिय-मूत्रमार्गाच्या बाबीत कामेच्छा कमी होणंही धरलेलं.

आता वरची औषधांची यादी शेजारी ठेवा. एसएसआरआयने मळमळ झाली, घाम आला, इच्छा कमी झाली तर हॅमिल्टनचे गुण वाढतात, म्हणजे चिंता वाढल्यासारखी दिसते. क्वेटायपिनने किंवा बेंझोडायझेपिनने नुसती गुंगी आली तरी झोपेच्या बाबीचे गुण उतरतात, म्हणजे चिंता कमी झाल्यासारखी दिसते. औषधा-औषधांतला फरक अर्ध्या-एक गुणाचा असताना हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. ‘क्वेटायपिन सर्वांत प्रभावी’ या वाक्यात झोपेचा वाटा किती, हे एकूण गुणांवरून सांगता येत नाही. बाबीनिहाय गुण हवेत.

दुष्परिणाम आणि परिणाम हे दोन स्वतंत्र स्तंभ आहेत असं तक्ता सांगतो. प्रत्यक्षात पहिला स्तंभ दुसऱ्यात मिसळलेला आहे.

तक्रार चौथी : घड्याळ लवकर थांबतं

ही मला सर्वांत गंभीर वाटते. अशा चाचण्या बहुतेक काही आठवड्यांच्या असतात. औषधं मात्र माणसं वर्षानुवर्षं घेतात.

बेंझोडायझेपिनचा इतिहास बघा. पहिलं औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, 1960 मध्ये बाजारात आलं, डायझेपाम 1963 मध्ये. आधीच्या बार्बिट्युरेटपेक्षा ती खरोखरच सुरक्षित होती, म्हणून जगभर खपली. 1981 मध्ये पेटुर्सन आणि लेडर यांनी ब्रिटनमध्ये नेहमीच्याच डोसवर वर्षानुवर्षं असलेल्या 16 रुग्णांची औषधं थांबवून पाहिली. सगळ्यांनाच कमी-अधिक विड्रॉल झाला. हेदर अॅश्टन यांनी 1982 ते 1994 न्यूकॅसलमध्ये या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं. आणि अमेरिकेच्या एफडीएने गैरवापर, व्यसन, शारीरिक अवलंबित्व आणि विड्रॉल यांची चौकटीतली सूचना या सबंध गटाला लावली ती सप्टेंबर 2020 मध्ये. म्हणजे 60 वर्षं गेली.

लॅन्सेटचा पेपर बेंझोडायझेपिनला ‘न सोसणारी’ म्हणतो, मग निष्कर्ष बरोबरच आहे की, असं तुम्ही म्हणाल. पण चाचणी अर्धवट सोडण्याच्या आकड्यात अवलंबित्व धरलंच जाऊ शकत नाही. उलट, ज्याला गोळीची सवय लागली तो ती सोडणारच नाही. म्हणजे हा दुष्परिणाम जितका पक्का, तितकी ‘स्वीकारार्हता’ चांगली दिसणार! मोजमापाची दिशाच उलटी.

प्रीगाबालिनचं उदाहरण तर त्याच वर्षातलं. जानेवारी 2019 च्या तक्त्यात ते वर सांगितलेल्या चौघांत दुसऱ्या क्रमांकावर, स्वीकारार्हता चांगली. 1 एप्रिल 2019 पासून ब्रिटनने ते नियंत्रित औषधांच्या यादीत टाकलं, कारण गैरवापर आणि मृत्यू वाढत होते. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत. चाचणीतले निवडक रुग्ण काही आठवडे ते घेतात, बाहेर ते ओपिऑइडबरोबर घेतलं जातं. तक्ता खोटं बोलत नाही, त्याला तेवढंच दिसतं.

गोळी थांबवल्यावर काय होतं, तिथेही घोळ आहे. 2017 मध्ये बीएमजेत बाटेलान आणि सहकाऱ्यांचा आढावा आला : 28 चाचण्या, 5,233 रुग्ण. गुण आलेल्यांचं औषध प्लासिबोवर बदललं तर 36.4 टक्क्यांचा आजार उलटला, चालू ठेवलं तर 16.4 टक्क्यांचा. यावरून ‘औषध चालू ठेवा’ असा सल्ला निघतो, आणि अनेकांसाठी तो योग्यही असेल. पण पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन थांबवल्यावर अस्वस्थता, चक्कर, झोपमोड होते, आणि हे सगळं आजार उलटल्यासारखंच दिसतं. त्या 36.4 मध्ये आजार किती आणि विड्रॉल किती? किती दिवसांत औषध कमी केलं आणि आजार उलटला हे कधी ठरवलं, ते पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

आपल्याकडची चिठ्ठी या तक्त्यात नाही

तक्त्यात एका वेळी एक औषध आहे. आपल्या मेडिकलमध्ये एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात. हेतू समजण्यासारखा आहे : एस्सिटॅलोप्रामचा गुण येईपर्यंतचे आठवडे क्लोनाझेपामने निभावून न्यायचे. पण ती जोडी निभावण्यापुरती राहत नाही. आणि एकत्र गोळीतलं एकच औषध हळूहळू कमी करता येत नाही, त्यासाठी आधी वेगळ्या गोळ्या लिहून द्याव्या लागतात. रुग्ण सुस्त झाला तर कशाने? गोळी चुकली आणि घाबरल्यासारखं झालं तर कशाने? लॅन्सेटच्या तक्त्यातून याचं उत्तर मिळणार नाही.

दुसरी गोष्ट. अल्प्राझोलाम आणि डायझेपाम शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं ठेवायचं, असा नियम. फार्मसीच्या विद्यार्थ्यांनो, हे रजिस्टर म्हणजे पाहायला शिकण्याची जागा आहे. आठ आठवड्यांची चाचणी जे पाहू शकत नाही, ते, म्हणजे तेच नाव महिन्यामागून महिना येतंय का, हे अशा नोंदी दाखवू शकतात. अर्थात एथिक्स कमिटीची परवानगी आणि नावं झाकण्याची व्यवस्था आधी.

मग तुम्ही काय करायचं?

कुठलाही ड्रग ट्रायल किंवा मेटा-अॅनालिसिस हातात घेतला की दुष्परिणामांच्या वाक्यापाशी थांबा आणि पाच प्रश्न विचारा.

1. ‘सोसलं’ म्हणजे नेमकं काय मोजलं? कुठल्याही कारणाने सोडणं, की त्रासामुळे सोडणं, की त्रासाची नोंद?
2. त्रास कसा विचारला? मोकळा प्रश्न, की यादी?
3. परिणामाच्या मोजपट्टीत दुष्परिणामांसारख्या दिसणाऱ्या बाबी किती?
4. मोजणी किती आठवड्यांनी थांबली, आणि औषध थांबवल्यावर कुणी पाहिलं का?
5. चाचणीतला रुग्ण आणि माझ्या भागातला रुग्ण यांच्या चिठ्ठ्या सारख्या आहेत का?

तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूच्या तक्त्यात या पाच प्रश्नांचे पाच रकाने करा. बरेचसे रकाने रिकामे राहतील. निराश होऊ नका, ते रिकामे रकाने म्हणजेच तुमचा रिसर्च गॅप. गाईडने ‘गॅप दाखव’ म्हटल्यावर ‘महाराष्ट्रात असा अभ्यास झालेला नाही’ एवढंच लिहिण्यापेक्षा हे कितीतरी भक्कम.

आणि एक अगदी वेगळी सूचना. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतः यातली गोळी घेत असेल तर हा लेख वाचून ती अचानक बंद करू नका. बेंझोडायझेपिन एकदम थांबवल्यास झटके येऊ शकतात, बाकीच्यांचाही त्रास होतो. या औषधांनी पुष्कळ लोकांना खरा आराम मिळतो, हे त्याच 25,441 रुग्णांनी दाखवलंय. डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा : ही गोळी किती दिवस, आणि सोडायची कशी? हे दोन प्रश्न चिठ्ठी लिहून घेतानाच विचारायचे असतात.

पुढच्या लेखात नेटवर्क मेटा-अॅनालिसिसमधलं ते जाळं कसं वाचायचं, कुठली रेघ जाड आणि कुठली बारीक का असते, ते बघू. तोपर्यंत हा पेपर डाउनलोड करा, आणि तक्त्याआधी मेथड्स वाचा.